मदत हवी आहे : मंगळाची बाजू कशी मांडायची?

मंडळी, भाची नववीत आहे. पुढच्या शनिवारी तिची वादविवाद स्पर्धा, विषय ‘मंगळ वसवण्याआधी पृथ्वी सावरा’. चिठ्ठीत नेमकी विरुद्ध बाजू आली! मामा विज्ञानाचा म्हणून जबाबदारी माझ्या गळ्यात.

अडचण अशी की जे वाचतोय ते सगळं तिच्या विरोधातच जातंय. मंगळावर हवेचा दाब आपल्या एक टक्क्याहूनही कमी. २०१८ मध्ये जाकोस्की आणि एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला : ध्रुवांवरच्या बर्फातला सगळा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तरी दाब जेमतेम दुप्पट, म्हणजे पृथ्वीच्या १.२ टक्के. शिवाय पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, त्यामुळे सौरवारा (सूर्याकडून येणारा कणांचा झोत) वरची हवा हळूहळू पळवतोच.

काल तयारी म्हणून दोघं बंडगार्डनच्या पुलावर गेलो. खाली नदीत जलपर्णी, तीत अडकलेली निर्माल्याची पिशवी आणि तिच्यावर ऐटीत उभा बगळा. भाची म्हणाली, “मामा, इथे निदान हवा तरी आहे. पण हे समोरच्यांना सांगू नकोस हं.”

तर, मंगळाच्या बाजूने प्रामाणिक मुद्दे कोणते? ‘बंद यानात पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचं तंत्र इथेही उपयोगी’ एवढाच माझ्याकडे आहे. मराठीत सोपं वाचायला काही आहे का? आयुकात (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) कुणाची ओळख असेल आणि अर्धा तास मिळाला तर फारच बरं. शाळा कोथरूडला, रविवार सोडून कधीही येऊ.