मदत हवी आहे: एफपीसीत संचालकांची उधारी आणि चाळणीच्या रांगेतली घुसखोरी कशी थांबवू?

तेरणाकाठ:
लातूर भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत (एफपीसी) चौदा महिन्यांपासून सीईओ आहे. १८ तारखेला संचालक मंडळाची बैठक आहे, म्हणून घाईत लिहितोय.

चार संचालकांकडे गेल्या रब्बीची उधारी आहे. हरभऱ्याचं बियाणं आणि खत. एक रुपया आलेला नाही. साधे सभासद काउंटरवर विचारतात, "त्यांचं चालतं, मग आमचं का नाही?" माझ्याकडे उत्तर नसतं.

दुसरं म्हणजे सोयाबीनची चाळणी, माल साफ करायचं यंत्र. परवा सकाळी सातपासून नऊ ट्रॅक्टर रांगेत होते. दुपारी अध्यक्षांच्या भावाची ट्रॉली मागच्या गेटने आत आली. ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प राहिलो, त्याने बटण दाबलं. रांगेत तिसऱ्या नंबरला एक मावशी होत्या. बारा कट्टे, ट्रॅक्टर भाड्याचा. त्या काहीच बोलल्या नाहीत, ताडपत्रीचा सुटलेला कोपरा तेवढा परत खोचला. ते डोळ्यांपुढून जात नाही.

मला नेमणारे हेच आणि काढणारेही हेच. कृपया नियम सांगू नका, मार्ग सांगा.

खातेवही:
सभासद किती? संचालक किती? उधारी एकूण किती? चेकवर सह्या कोणाच्या? हे माहीत नसताना कोण काय सांगणार?

माळरान७२:
राजीनामा द्या. मी एका पतसंस्थेत सहा वर्षं हेच पाहिलं. शेवटी सही करणारा अडकतो. तरुण आहात, दुसरं काम मिळेल.

तेरणाकाठ:
@माळरान७२ दादा, सोडायचं असतं तर इथे लिहिलं नसतं. ४१२ सभासदांनी पैसे घातलेत, त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे आहेत.
@खातेवही सभासद ४१२, संचालक १०. उधारी सगळी मिळून तीन लाखांच्या आत. चेकवर अध्यक्ष आणि एक संचालक.

शिवारटेक:
टोकन अ‍ॅप लावा. शेतकऱ्याला मोबाईलवर नंबर जातो, कोणी मध्ये घुसू शकत नाही. आमच्याकडे दोन हंगाम चाललंय.

खातेवही:
मागचं गेट उघडणारा माणूस अ‍ॅप बघून गेट उघडत नाही. आणि बारा कट्ट्यांच्या मावशींकडे स्मार्टफोन आहे का, हे कोणी विचारलं?

शिवारटेक:
मग एसएमएस जातो. वापरून न बघता विरोध करू नका.

बालाघाट:
सोयाबीन चाळणीला आलंय तर आधी हवा, म्हणजे ओलावा, किती ते बघा. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर घेत नाहीत. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ आहे, केंद्रावरच घाला.

माळरान७२:
२०२४ मध्ये १५ पर्यंत सूट दिली होती.

बालाघाट:
ती सूट आली तोवर आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी माल आडतीवर घातला होता. व्यापाऱ्याच्या दहा-दोन-दोनमध्ये (ओलावा १०, कचरा २, डागी २ टक्के, त्यावर कपात) कापून कापून हातात काय उरलं ते मला विचारा.

खातेवही:
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पण लिहीन. तेरणाकाठ, उधारीचा माल गोदामातून कोणाच्या सहीने गेला?

तेरणाकाठ:
माझ्या. अध्यक्षांचा फोन आला होता, "देऊन टाक, पुढच्या महिन्यात भरतात." चलन मीच फाडलं.

कलम_वाचक:
नियम नको म्हणालात तरी सांगते, कारण तुमचा मार्ग त्यातूनच जातो. कंपनी कायदा २०१३ मध्ये उत्पादक कंपन्यांचं प्रकरण २१-अ आहे. कलम ३७८झेडके प्रमाणे सभासदाला उधारी जास्तीत जास्त सहा महिन्यांची. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज वा अ‍ॅडव्हान्स द्यायचा तर आधी सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. फोनवरचं "देऊन टाक" ही मंजुरी नव्हे. कंपनीचं कर्ज किंवा अ‍ॅडव्हान्स थकवला तर ३७८क्यू खाली संचालकपद रिकामं होतं. बियाण्याची उधारी त्यात बसते का, यावर वाद होऊ शकतो, म्हणून बैठकीआधी तुमच्या सीएसकडून (कंपनी सेक्रेटरी) लेखी मत घ्या.
आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही स्वतः सभासद आहात का?

तेरणाकाठ:
हो. कंपनी निघाली तेव्हाच माझ्या नावावर १० शेअर घेतले होते. त्याचा इथे काय संबंध?

कलम_वाचक:
संबंध मोठा आहे. कलम ३७८डब्ल्यू प्रमाणे मुख्य कार्यकारी सभासद नसलेल्यांतूनच नेमावा लागतो. बैठकीत उधारीचं नाव काढाल तेव्हा कोणीतरी हेच कलम तुमच्यापुढे ठेवेल.

माळरान७२:
मी पहिल्याच उत्तरात काय म्हणालो होतो?

खातेवही:
राजीनाम्याची गरज नाही. शेअर वडिलांच्या नावावर करा.

कलम_वाचक:
वडील सक्रिय सभासद असतील तर करता येतील, दर्शनी किमतीला. पण त्याला संचालक मंडळाची पूर्वमान्यता लागते.

तेरणाकाठ:
वडील सभासद आहेत, दरवर्षी माल घालतात. पण मान्यता त्याच दहा जणांकडून घ्यायची ना? आता सगळं सांगतो. अध्यक्ष माझे मामा लागतात, आईचे चुलतभाऊ. मला या खुर्चीवर त्यांनीच बसवलं.

दूधवाले_काका:
बाळा, हे आधी सांगायचं होतंस. मी २२ वर्षं गावच्या दूध संस्थेत सचिव होतो. आमच्या चेअरमनच्या कॅनचा नमुना कोणी घेत नसे, दूध थेट टाकीत. सभेत बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी घरी बसलो असतो. मी रात्री त्यांच्या घरी गेलो, जेवलो, आणि म्हणालो, "अण्णा, उद्यापासून पहिला नमुना तुमचा, सगळ्यांसमोर." चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतः कॅन घेऊन रांगेत आले. फॅट कमी लागली तीही लिहून घेतली. त्यानंतर नमुन्यावरून कोणी तक्रार केली नाही.
तू बैठकीआधी मामांकडे जा. आधी तुझी चूक सांग, शेअरची आणि चलनाची. मग त्यांची.

खातेवही:
काका, मान राखून सांगतो, घरात मिटवलेलं कागदावर येत नाही. उधारीची यादी नोटीस बोर्डावर लावा, संचालकांसकट सगळ्यांची. ४१२ जणांचा पैसा आहे.

दूधवाले_काका:
आधी यादी लावली तर ते चौघे एक होतील आणि याला काढतील. मग उरलेले सहा जण काय करणार? आधी घर, मग बोर्ड. यादी लावू नकोस असं मी म्हणत नाही.

कलम_वाचक:
दोन्ही करा, पण इतिवृत्तात नोंद हवी. अजेंड्यावर तीन विषय: शेअर हस्तांतरण आणि सीईओची फेरनेमणूक, सहा महिन्यांवरची येणी, चाळणीचं रांग रजिस्टर. क्रम हाच ठेवा. स्वतःचा विषय पहिला असला की पुढच्या दोन विषयांवर तोंड उघडता येतं.

तेरणाकाठ:
काल रात्री मामांकडे जाऊन आलो. शेअरचा अर्ज दिला, तो वाचून म्हणाले, "हे मला कोणी सांगितलंच नव्हतं." अर्ज १८ तारखेला ठेव म्हणाले. चलनावर सही माझीच आहे, तेही सांगितलं. उधारीवर बराच वेळ गप्प होते. शेवटी एवढंच म्हणाले, की स्वतःचे बियाण्याचे पैसे बैठकीआधी भरतील, बाकीच्या तिघांशी मी बोलायचं. भावाच्या ट्रॉलीचा विषय काढला तेव्हा मामी पाणी घेऊन आल्या आणि तो तिथेच राहिला.
आज सकाळी रांगेसाठी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख, वेळ, नाव, कट्टे असे रकाने आखलेत. मागच्या गेटची किल्ली माझ्याकडे घेतली.

दूधवाले_काका:
किल्ली घेतलीस ते बरं केलंस. ट्रॉलीचा विषय बैठकीआधी परत काढ.

बालाघाट:
चाळणी तासाला किती क्विंटल काढते? आमच्या गटाला घ्यायची आहे.