मारामारीत सापडलेल्या पोराला मोबाईलवरचा कोर्स: उपयोग की नुसतं सर्टिफिकेट?

वर्धारोडवाला
पानठेल्यावरच्या मारामारीत पहिल्यांदाच अडकलेली पोरं नागपुरात काही कमी नाहीत. 1958 च्या परिवीक्षा कायद्यानुसार कोर्ट अशांना तुरुंगात न धाडता बाँडवर सोडू शकतं, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकतं, अटी घालू शकतं. मग एक अट मराठीतल्या ऑनलाइन सीबीटी कोर्सची (म्हणजे मनात येणारा विचार तपासून वागणं बदलायला शिकवणारी पद्धत) का नको? त्यातला तक्ता साधा असतो. घटना: समोरचा हसला. मनात आलं: 'हा माही इज्जत काढून राह्यला.' केलं काय: कानाखाली वाजवली. पोरानं मधला रकाना स्वतः भरायचा आणि समोरच्याच्या हसण्याची आणखी दोन कारणं लिहायची. ही सवय लागली तर पुढच्या वेळी हात उठायच्या आधी डोकं चालेल.

इतवारीची मिरची
काऊन बावा, लर्निंग लायसन विसरले का? 2021 मध्ये घरबसल्या परीक्षा सुरू झाली आणि एजंट लोकांनी तिचा पार धंदा केला. इथंही हसण्याची दोन कारणं बहीण लिहून देईल, भाऊ बाजूला बसून रील पाहील. कोर्टात सर्टिफिकेट हजर!

वर्धारोडवाला
म्हणूनच अधिकाऱ्यानं महिन्यातून एकदा समोर बसवून तक्त्यावर प्रश्न विचारायचे. स्वतः भरला नसेल तर पाच मिनिटांत कळतं.

इतवारीची मिरची
मग काम अधिकारीच करून राह्यला ना! मोबाईल कशाले पायजे?

समुपदेशक_धंतोली
दोघंही मूळ मुद्दा सोडताय. अमेरिकी संशोधक मार्क लिप्सी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 58 अभ्यास एकत्र तपासले. सीबीटी घेतलेल्यांमध्ये पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी पाव भागानं कमी दिसलं. पण फायदा जास्त झाला तो जास्त धोक्याच्या, म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता जास्त असलेल्या लोकांना. पहिल्यांदाच चुकलेला पोरगा बहुधा कोर्सशिवायही सुधारतो, आणि श्रेय कोर्स घेऊन जातो. उलट उदाहरणही आहे. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत लैंगिक गुन्हेगारांसाठी असाच कार्यक्रम होता, तोही समोरासमोर, गटात बसवून. 2017 च्या सरकारी अहवालात कोर्स केलेल्यांपैकी 10 टक्के पुन्हा तशाच गुन्ह्यात सापडले, न केलेल्यांपैकी 8 टक्के. कार्यक्रम बंद झाला. तेव्हा 'कोर्सनं नुकसान तर काही नाही' असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही.

वर्धारोडवाला
जास्त धोक्याचे लोक मध्यवर्ती कारागृहात. तिथं मोबाईल सापडला तर नवी केस. त्यांना ऑनलाइन कसं शिकवणार?

इतवारीची मिरची
आणि बाहेरच्या पहिलटकरांना समाजसेवा द्या. भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून आहेच: दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी तमाशा, पाच हजारांच्या आतली पहिली चोरी. नाग नदीचा काठ साफ करू द्या, काम तरी दिसते.

समुपदेशक_धंतोली
काठ साफ होईल, राग तसाच राहील. माझं म्हणणं: शिक्षा झालेल्या आणि सुटायला आलेल्या कैद्यांचा वर्ग आतच घ्यावा, शिक्षक समोर. सुटल्यावर उजळणी आणि विचारपूस फोनवर. ऑनलाइनचा खरा उपयोग तिथं, कारण सुटलेला माणूस गडचिरोलीला गेला की दर आठवड्याला नागपूरला येणार नाही.

इतवारीची मिरची
हे जमते. फक्त रिचार्ज कोण मारणार आणि फोन उचलला नाही तर त्याच्या घरी कोण जाणार, तेवढं आधी लिहून ठेवा.