स्ट्रेंजर थिंग्ज: खरं किती?
'स्ट्रेंजर थिंग्ज' ही नेटफ्लिक्सवरची अमेरिकन मालिका म्हणजे निव्वळ थापा, असं काहीजण म्हणतात. त्यातले राक्षस आणि उलटं जग थापाच हो, पण माणसांवर गुप्त प्रयोग करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचं अगदीच तसं नाही. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा, माणसाच्या मनावर ताबा मिळवण्यासाठीचा एमके-अल्ट्रा प्रकल्प १९५३ साली सुरू झाला. त्यात काही माणसांना न सांगता चक्क एलएसडी, म्हणजे भास घडवणारं औषध, पाजायचे! १९७३ मध्ये सीआयएचे संचालक हेल्म्स यांनी फायली नष्ट करायला लावल्या. पण सुमारे २०,००० कागदपत्रं हिशेबाच्या दप्तरात पडून राहिली आणि १९७७ मध्ये सापडली. जमाखर्चानेच घात केला म्हणायचा.

मालिकेचं आधीचं नाव 'मॉन्टॉक' होतं. हे न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंड बेटाच्या टोकाचं गाव. तिथल्या जुन्या लष्करी तळावर अवाढव्य रडार अजून उभं आहे. तिथे मुलांवर प्रयोग झाल्याच्या कहाण्यांना मात्र पुरावा शून्य.