वारस नोंदीचा फेरफार रखडला आहे : अपील कोणत्या कायद्याखाली करावे?

जळगाव जिल्ह्यातील तापीकाठच्या एका गावात वडिलांच्या नावे केळीची शेती आहे. त्यांच्या निधनानंतर आम्ही तिघा भावंडांनी वारस नोंदीसाठी तलाठी कार्यालयात लेखी अर्ज दिला. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि बहिणीचेही नाव त्यात आहे. चावडीवर नोटीस लागली, पंधरा दिवसांत कोणाचीही हरकत आली नाही, तरीही मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केलेली नाही. दर खेपेला ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ एवढेच ऐकायला मिळते.

माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली अर्जाची सद्यस्थिती विचारली, तर तिसाव्या दिवशी ‘कार्यवाही सुरू आहे’ असे एका ओळीचे उत्तर आले. खटकते ते हेच, कारण नकार मिळाला असता तर त्याचे कारण तरी समजले असते. त्यावर कलम 19(1) नुसार प्रथम अपील करण्याची मुदत अजून शिल्लक आहे.

वारस नोंदीचा अर्ज ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या ऑनलाइन सेवा पोर्टलवरून केलेला नाही. हाती आहे ती फक्त कोपऱ्यात निळा शिक्का आणि पेनाने लिहिलेला आवक क्रमांक असलेली पोच. जमिनीवर वाद किंवा बोजा नाही. खरिपाच्या पीककर्जासाठी नव्या नावांचा सातबारा लागणार असल्याने वेळ कमी आहे, आणि वकील लावण्याचा विचार तूर्त नाही.

एवढ्या पोचेवर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा मिळण्याचा हक्क देणारा कायदा) खाली प्रथम अपील दाखल करून घेतले जाते का, आणि माहिती अधिकारातील अपील त्याच्यासोबतच चालवता येते का?