एअर प्लांट: टोकं वाळणं आणि बुडखा काळा पडणं

एअर प्लांट, म्हणजे मातीशिवाय वाढणारं टिलँडसिया. रोज स्प्रे करूनही त्याची टोकं वाळतायत आणि बुडखा काळा पडलाय असा प्रश्न आलाय, तर ही दोन वेगळी दुखणी आहेत. टोकांना पाणी कमी पडतंय, फवाऱ्याने पान वरवरच भिजतं, त्यापेक्षा आठवड्यातून एकदा २०-३० मिनिटं अख्खं रोप पाण्यात बुडवा, तेही सकाळी, कारण टिलँडसिया रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायॉक्साइड घेतं आणि तेव्हा पान ओलं असलं की त्याचा श्वासच कोंडतो. काळा बुडखा म्हणजे पानांच्या मधे पाणी साचून कुजलंय. पाण्यातून काढलं की उलटं धरून नीट झटका आणि चारेक तासांत सुकेल असं वाऱ्याला ठेवा (एअर प्लांट ठेवायचे ते काचेचे गोळे दिसायला भारी, पण कुजवायला एक नंबर). मधली पानं हलकेच ओढल्यावर हातात आली तर मात्र गेलंच समजा.