मदत हवी आहे: धुतलेल्या चादरींचा वास अंथरल्यावर परत येतो, काय करू?

मंडळी, पोस्ट मोठी झालीये पण खरंच अडलेय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बाबा आठ महिन्यांपासून आमच्याकडे आहेत आणि बहुतेक वेळ अंथरुणातच असतात. डायपर असतं तरी रात्री कधीतरी गळतंच, मग चादर, पायजमा, कधी पांघरूणसुद्धा, रोज दोनतीन कपडे तरी निघतात. मशीनमधून काढते तेव्हा डिटर्जंटचा छान वास येतो, वाळल्यावर नाक लावून बघितलं तरी काही नाही, पण अंथरलं आणि अंगाची ऊब लागली की अर्ध्या तासात तोच उग्र वास परत. परवा बाबांनीच विचारलं, "माझा वास येतो का गं?" मी नाही म्हटलं खरं, पण ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. ते स्वच्छ आहेत हो, रोज अंग पुसते मी त्यांचं, वास कपड्यांचा आहे आणि तो मला घालवायचाच आहे.

बाकी घरातलंही सांगते. टॉवेल ओले झाले की कुबट वास मारतात. मुलीच्या फुटबॉलच्या जर्सीला काखेत घामाचा वास बसलाय तो धुतल्यावरही असतो, शॉर्ट्सवर चिखल. आणि नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांवर ग्रीस.

आतापर्यंत काय काय केलं: पावडर दुप्पट केली. फॅब्रिक कंडिशनर वाढवलं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून त्यात भिजवलं, फेस खूप आला, फरक शून्य. आणि मागच्या आठवड्यात वैतागून लघवीने भिजलेली चादर तशीच बादलीत टाकली आणि वरून ब्लीच ओतलं, तर एकदम असा काही वास सुटला की घसा धरला, डोळे चुरचुरायला लागले, दार उघडून बाहेरच पळाले. नंतर अर्धा तास खोकत होते. ते नेमकं काय झालं तेही कळलं नाही.

मशीन फ्रंट लोड आहे, कायम ३० डिग्रीच्या क्विक वॉशवर लावते कारण कपडेच एवढे असतात. चुकतंय कुठे? पावडर बदलू, मशीन बघू की पद्धतच बदलू? कोणी घरात आजारी माणसाचं केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी ब्लीचचं, कारण ते जिवावरचं आहे. लघवीतल्या युरियाचा पुढे अमोनिया होतो आणि क्लोरीनवालं ब्लीच त्यात पडलं की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, तुमचा घसा त्यानेच धरला. व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये पडलं तर थेट क्लोरीन वायू सुटतो. म्हणजे ब्लीच फक्त साध्या पाण्यात, इतर कशातही नाही, आणि लघवीच्या कपड्यांना तर वापरूच नका. परत कधी असं झालं तर बादली उचलायला थांबू नका, बाहेर या आणि श्वासाला त्रास वाटला तर डॉक्टरांकडे जा.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केले की एक आम्ल आणि एक अल्कली एकमेकांना मारून टाकतात, फेस म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं ते जवळपास खारट पाणी. कष्ट वाया गेले तुमचे.

माझ्या सासूबाई चार वर्षं अंथरुणाला होत्या, तेव्हाची माझी पद्धत सांगते. चादर निघाली की लगेच गार पाण्यात दोनदा खळबळून काढायची, तशीच गोळा करून कोपऱ्यात ठेवायची नाही, कारण जितका वेळ पडून राहते तितका अमोनिया वाढतो. मग एन्झाइमवालं डिटर्जंट कोमट पाण्यात घालून त्यात तासभर तरी भिजवायची, फारच वास असेल तर रात्रभर. एन्झाइम सावकाश काम करतात, पंधरा मिनिटांच्या क्विक वॉशमध्ये त्यांना वेळच मिळत नाही. मग सुती असेल तर ६० डिग्रीवर लांबचा वॉश. सुरुवातीलाच कडकडीत पाणी घालू नका, रक्त, विष्ठा वगैरे प्रोटीनचे डाग गरम पाण्याने कपड्यात पक्के बसतात.

आणि बाबांना सांगा वास कपड्यांचा होता आणि तो आता जाणार. माझ्या सासूबाईंनाही तीच लाज वाटायची, त्या पाहुण्यांना खोलीत येऊ द्यायच्या नाहीत.

प्रतिसाद २

मी वॉशिंग मशीन रिपेरिंगचं काम करतो. ताई, पावडर दुप्पट केलीत तिथे वास वाढला असणार. जास्तीचा साबण फ्रंट लोडमध्ये नीट विसळला जात नाही, कपड्यात राहतो, त्यावर मळ आणि बॅक्टेरिया चिकटतात. खात्री करायची तर धुतलेला एक टॉवेल नुसत्या गरम पाण्यात, पावडर न घालता फिरवून बघा, काचेतून फेस दिसला तर तो जुना साबण. पाणी जड असेल तर मात्र पावडर थोडी जास्त लागते, पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढीच घाला.

दाराचं रबर बोटाने उलगडून बघा, आत काळपट बुळबुळीत थर असणार, कायम ३० वर धुणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये मला तो सापडतो. तो पुसून काढा, पावडरचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून घासा, खालचा फिल्टर उघडा (आधी खाली ताट ठेवा, पाणी येतं). मग रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर चालवा, महिन्यातून एकदा. धुणं झालं की दार आणि ड्रॉवर उघडे ठेवायचे, घरात लहान मूल असेल तर तेवढं लक्ष ठेवून. ड्रम ठासून भरू नका, वर हात जाईल इतकी जागा हवी, कपडे आपटले तरच मळ सुटतो.

टॉवेलला कंडिशनर बंद करा, त्याचा थर बसून पाणी शोषणं कमी होतं. टॉवेलच्या कुबट वासाबद्दल जपानी संशोधकांचा २०१२ चा अभ्यास आहे, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा बॅक्टेरिया धुतल्यावरही कपड्यात तग धरतो आणि ओल मिळाली की वास तयार करतो. म्हणून धुऊन झालेले कपडे मशीनमध्ये तासन्‌तास ठेवू नका, लगेच पसरून वाळवा, ऊन नसेल तर फॅनखाली.

प्रतिसाद ३

जर्सी पॉलिस्टरची असणार. पॉलिस्टर पाणी धरत नाही पण अंगाचं तेल धरून ठेवतं, बेल्जियममध्ये २०१४ साली व्यायामानंतरचे टीशर्ट तपासले होते त्यात सुतीपेक्षा पॉलिस्टरला जास्त वास आढळला. उलटी करून धुवा, काखेत आधी लिक्विड डिटर्जंट चोळून अर्धा तास ठेवा. चिखल ओला असताना पाणी लावू नका, पसरतो, पूर्ण वाळू दे, मग ब्रशने झटका. ग्रीसला कोरड्या कपड्यावरच भांड्यांचं लिक्विड चोळायचं, पाणी नंतर. डाग गेला याची खात्री होईपर्यंत इस्त्री किंवा ड्रायर नको. पेट्रोल-डिझेल लागलेले कपडे तर ड्रायरमध्ये कधीच नाही, पेट घेऊ शकतात.

पांढऱ्या सुती कपड्यांना ऑक्सिजन ब्लीच म्हणजे सोडियम परकार्बोनेट चांगलं, गरम पाण्यात जास्त काम करतं. लोकर आणि रेशमाला चालत नाही. विरघळवलेलं पाणी झाकण घट्ट लावून ठेवू नका, गॅस होऊन बाटली फुटू शकते.

मूळ पोस्ट लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवड्यांनी लिहितेय. रबरामागे खरंच काळा थर होता, बघून अंगावर काटा आला, याच मशीनमध्ये मी बाबांचे कपडे धूत होते. टॉवेलची परीक्षा केली, नुसत्या पाण्यात काच भरून फेस.

आता पावडर निम्म्यावर आणलीये, कंडिशनर बंद, चादर निघाली की लगेच गार पाणी, मग एन्झाइमवालं लिक्विड आणि ६० डिग्री. पहिल्या दोन धुण्यांत फारसा फरक नव्हता, मी निराश झाले होते, पण बहुतेक जुना थर सुटायला वेळ लागला, चौथ्यापाचव्या धुण्यानंतर चादर रात्रभर अंथरलेली होती तरी सकाळी वास नाही. टॉवेल पण सुधारलेत. जर्सी अजून अर्धीमुर्धीच, भिजवण्याची वेळ वाढवून बघतेय.

एक राहिलंच. गादीत मुरलेलं काय करू? फोमची आहे, वर मेणकापड घातलंय पण आधीचं आत गेलेलं आहेच.

प्रतिसाद १

फोमवर पाणी ओतू नका, आतपर्यंत वाळत नाही. एन्झाइमवाला स्प्रे मिळतो तो डाग जितका खोल गेलाय तितका मुरेल असा मारा, काही तास ओला राहू द्या, मग कोरड्या कापडाने दाबून टिपा आणि गादी उभी करून फॅनसमोर पूर्ण वाळवा. एकदोनदा करावं लागेल. तेवढे दिवस बाबांना दुसऱ्या गादीवर झोपवा. तरीही वास राहिला तर फोम बदला ताई, आम्ही शेवटी बदललाच होता.