भरलेली टाकी म्हणजे भरलेलं घर? नाशिककर मासेवाले, बोला

गंगापूररोडवाला
रविवारी इंदिरानगरला मावसभावाकडे वास्तुशांतीला गेलो होतो. हॉलमध्ये नवी कोरी टाकी, २ बाय १ बाय १ फूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५५-५६ लिटर, खडी आणि तो बुडबुडे सोडणारा शिंपला वजा केला तर ४५ धरा. जेवणाची पंगत बसेपर्यंत उगाच मासे मोजत बसलो. २७! नऊ गोल्डफिश (आठ केशरी एक काळा, वास्तूवाल्याने सांगितलेले), चार 'शार्क', दोन सकर (काच चाटणारे), बाकी मोली, म्हणजे छोटे मासे. सगळे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत आणि लहान पोरं म्हणतायत बघ बघ भूक लागली त्यांना.

वहिनीला हळूच म्हटलं जरा जास्त होतायत का, तर म्हणाली गेल्या महिन्यात जुन्या घरी जुन्या टाकीतले सहा गेले पण ते चांगलंच असतं भाऊजी, घरावर जे यायचं ते घेऊन गेले. आणि लगेच सहा नवे आणले.

मला राग गर्दीचा नाही आला एवढा, या वाक्याचा आला. मासा का मेला हे कुणी विचारतच नाही, कारण उत्तर आधीच तयार आहे. संस्कृती म्हणून हे सोडून द्यायचं का?

सिडकोकर_७
म्हणजे पुरणपोळी खाऊन आलात आणि इथे वहिनीची उणीदुणी काढताय, छान.
अहो आपल्याला भरलेलं आवडतं, ओटी भरतो आपण, रिकामी ओटी कोण घालतं का. चार फुटाच्या टाकीत एक लाकूड, थोडं गवत आणि सात मासे ठेवून तासभर बघत बसायचं ही गोऱ्यांची हौस, त्यांना शांतता पाहिजे, आपल्याला हालचाल पाहिजे. दोन्ही आवडीनिवडीच आहेत, एक क्रूर आणि एक सुसंस्कृत असं कुणी ठरवलं? आमच्या आजोबांच्या भद्रकालीतल्या वाड्यात हौदात ३०-४० मासे होते, ना फिल्टर ना टेस्ट किट, वर्षानुवर्षं जगले. आणि एवढी माशांची दया येते तर बुधवारी सुरमई खाताना कुठे जाते ती?

अमोनिया_आजोबा
सिडकोकर, हौद केवढा होता ते सांगा ना. चार बाय चार आणि तीन फूट खोल धरला तरी साडेतेराशे लिटर होतात, भिंतीला शेवाळ, रोज बादल्या काढायच्या नवं पाणी पडायचं. तो हौद माझ्या मते उत्तम मत्स्यपालन होतं. ४५ लिटरशी त्याची तुलना कशी करता?

आणि हे गोरे विरुद्ध आपण सोडा हो. त्यांच्याकडेच जत्रेत गोल्डफिश पिशवीत घालून बक्षीस द्यायचे, रोम शहराने २००५ साली गोल काचेच्या भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली ती त्यांचेच लोक तसे ठेवत होते म्हणून. आठ केशरी एक काळा हे तर फेंगशुई आहे, वास्तूवाल्यांनी उचललं. ज्या चीनमध्ये गोल्डफिश हजार वर्षं जोपासला तिथे तळी आणि मोठी कुंडं असायची. जपानी लोक रांचू (गोल्डफिशचाच एक प्रकार) उथळ पसरट टाकीत ठेवतात, वरून बघायचा मासा आहे तो. त्यांची पण आवडच, पण तिच्यात माशाला जागा आहे.

गणित एवढंच आहे की मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नव्या टाकीत हे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी, पहिल्याच दिवशी २७ मासे, म्हणजे न धुतलेल्या संडासात कोंडल्यासारखं. त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, पीएच (आम्लता-क्षारतेचं माप) ८. तोच अमोनिया ७ ला असतो त्याच्या साधारण दहापट विषारी. वहिनींचे सहा मासे बहुतेक यानेच गेले, संकट पाण्यातच होतं.

मबुनावेडा
आजोबांशी सहमत पण एक सांगतो, गर्दी म्हणजे क्रूरता असं सरसकट नाही. मी मलावी तलावातले सिक्लिड ठेवतो, मबुना, ते मुद्दाम दाटीनेच ठेवतात कारण कमी ठेवले तर एक दादा होतो आणि उरलेल्यांना एकेक करून मारतो. दाटीत राग वाटला जातो. फक्त त्यासाठी माझ्याकडे डबल फिल्टर आहे, दर रविवारी ४०% पाणी बदलतो, आणि इन्व्हर्टर, कारण मे महिन्यात लाईट गेली की संपलं. ३० डिग्रीच्या पाण्यात लिटरला साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० ला नऊ. दाट टाकीतले मासे दोन तासात श्वासासाठी वर येतात. बायको म्हणते फ्रीजला इन्व्हर्टर नाही आणि माशांना आहे 😄

दुकानवाला_भाऊ
आमची पण बाजू ऐका. दुकानातल्या टाकीत २०० मोली असतात ते आठवड्यात विकले जातात, गिऱ्हाईकाला वाटतं घरी पण असंच. मी म्हटलं या साईझला गोल्डफिश नकोच, ते फूटभर होतात, तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. शार्कचं तर विचारू नका, ती बोटभर पंगस आहे, मीटरभर वाढते, हॉटेलात बासा म्हणून ताटात येते ती हीच. सरकारने २०१७ ला नियम काढले होते, बाऊल बंद वगैरे, ओरड झाली, मागे घेतले. भाडं मला भरायचंय, ते पण लिहा.

पंचवटीची_काकू
सगळे त्या वहिनीवर का तुटून पडलात? माझ्या सासूबाई पण हेच म्हणायच्या. माझा मुलगा आठ वर्षांचा होता, त्याचा फायटर मासा मेला तेव्हा दोन दिवस जेवला नाही, सासूबाई म्हणाल्या तुझा ताप घेऊन गेला बाळा. तेवढ्यावर शांत झाला. या वाक्याचं कामच ते आहे, दुःखासाठी आहे ते. फक्त पुढच्या सहा जणांना आणायच्या आधी पाणी बदला ना बाई, ते कुठल्या शास्त्रात मना केलंय.

सिडकोकर_७
काकू तुमचं पटलं. आजोबांचं हौदाचं पण अर्धं पटलं. पण मग "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" म्हणून आरोग्य खात्याच्या हौदात गप्प्या खच्चून भरलेल्या असतात त्याचं काय?

अमोनिया_आजोबा
गप्पी दीड-दोन इंचाची, हौद शेकडो लिटरचा, आणि डासांच्या अळ्या खायला ठेवलीय, शोभेला नाही.

नवीन_मेंबर
एवढं टेन्शन असेल तर जास्तीचे गोदावरीत सोडून द्या, पुण्य पण लागेल.

मबुनावेडा
अजिबात नाही!! आंध्र-तेलंगणात नदीत सोडलेले सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, काट्यांनी जाळी फाडतात. खाली नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे आपलं, तिथे हे घालायचे?

गंगापूररोडवाला
अपडेट. काल टेस्ट किट घेऊन गेलो, वहिनीनेच थेंब टाकले, रंग गडद हिरवा झाला, म्हणजे अमोनिया भरपूर, तेव्हा तीच म्हणाली अगंबाई. निम्मं पाणी बदललं. सकर आणि मोली मी माझ्या घरी आणले. चार शार्कचं काय करू, कुणाकडे मोठं तळं आहे का?

दिंडोरीचा_बागायतदार
द्राक्षासाठी शेततळं आहे माझं, टाका. पण थंडीत आमच्याकडे पारा फार खाली जातो, पंगस थंडी सोसत नाही, डिसेंबरच्या आत काढावे लागतील. आणि काढले की मग ताटातच. वहिनींना चालेल का विचारा.

गंगापूररोडवाला
विचारलं. म्हणाली शार्क न्या पण खाल्ले ते मला सांगू नका. नऊ गोल्डफिशला मात्र हात लावू देत नाही, आकडा मोडतो म्हणे. तीन फुटी टाकीचे भाव बघतोय आता, जुनी चालेल, कुणाकडे असेल तर सांगा.